कडुलिंबाखालचं लाल स्टूल

त्या कोणालाच नावानं हाक मारत नव्हत्या, आजाराच्या नावानं मारायच्या. मला म्हणायच्या चक्कर, कारण कामाला लागले त्या पहिल्याच हप्त्यात मी शिलाई मशीनवरून खाली पडले होते, आणि माझी पापणी खाली ओढून बघत त्या बोलल्या होत्या की तुझ्यात खून कुठे आहे, नुसतं पाणी आहे. थावरीला म्हणायच्या घुटना. थावरी गावची दाई, दवाखान्यात झाडूपोछा पण करायची, भिलांची सगळी बाळं तिच्या हातावर आलेली, पण तिचा गुडघा दुखायचा म्हणून ती घुटना. आणि गावचा तडवी, म्हणजे भिलांचा मुखिया, ज्याच्यासमोर बाया तोंडावर पदर ओढतात, त्याला भर लाइनीत आवाज द्यायच्या, "ए खाज, आगे आ." तो मिशीवरून हात फिरवायचा, इकडेतिकडे बघायचा, आणि जायचा. मलम त्यांच्याकडे होतं ना.

आम्ही त्यांना सिस्टर म्हणायचो, भिलांच्या बाया बाई म्हणायच्या. तिरल्याच्या पुढं, जिथं डांबरी सडक संपून मुरुम लागतो, तिथं मिशनचा दवाखाना, बाजूला प्रार्थनेची खोली, मागं शिलाईची खोली, मध्ये अंगणात कडुलिंब. सिस्टर लांब दक्षिणेकडच्या, पण माझ्या जन्माच्या आधीपासून इथंच. उंच, पाठ अशी ताठ की बाळाला बघायला वाकल्या की वाटायचं आता मोडतील. बारा महिने पायात पावसाळी रबरी बूट. जेवण उभ्यानं, भिंतीला टेकून. कमरेला दवाईच्या कपाटाची चावी, ती त्या झोपताना पण काढत नाहीत असं थावरी सांगायची.

मी मिशनची नाही. हे आधीच सांगते, कारण हल्ली कोण काय विचारेल भरोसा नाही, बसमध्ये पण बाया विचारतात, तिकडे जातेस तर नाव बदललं का, गळ्यात काय घालतेस. मी काही बदललं नाही. माझं माहेर पीपलरावां, आमचे जुने लोक देवासच्या दरबारात तंबू शिवायला महाराष्ट्रातून आले, तेव्हापासून आमच्या घरात सुई. आठवी झाली आणि शाळा सुटली, ती पण हिंदी, मराठी जी आहे ती घरातली. लग्न धारला झालं. तिथली यांची टेलरची दुकान रेडीमेडनं बसली, म्हणून आम्ही तिरल्याच्या पुढं सडकेवर खोली घेतली, मी, हे, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि माझी छोरी. हे हाटाहाटानं मशीन घेऊन फिरायचे, कधी लोहारद्यापर्यंत जायचे, तर चार-चार दिवस घरी नसायचे. मला भीती वाटायची. मला तशी सगळ्याचीच वाटते, कुत्र्याची, आभाळाची, आत्याबाईंची. सिस्टरची सगळ्यात जास्त वाटायची, पण काम त्यांच्याकडेच होतं.

काम म्हणजे झबली शिवायची. त्यांची झबली वेगळी, पुढून पूर्ण उघडी, दोन बंद सोडले की बाळाचं पोट समोर. मी म्हटलं, सिस्टर, गळ्यातून घालायचं शिवू, छान दिसतं. त्या बोलल्या, "छान मला नको. मला पोट बघायचं आहे." बोलायच्या हिंदीतच, मी आपली मराठीत सांगते.

पोट का बघायचं तर डामासाठी. इकडे बाळाची छाती भरली, श्वास भरभर चालायला लागला, बरगड्या आत ओढायला लागल्या, त्याला पसली चलना म्हणतात, की बडव्याकडे, म्हणजे भिलांच्या भगताकडे, नेतात आणि तो विळ्याचं टोक तापवून पोटावर डाम देतो. भिलांमध्ये देतात, आणि आपल्यात देत नाहीत असं कोणी म्हणू नये, माझ्या आत्याबाईंच्या स्वतःच्या पोटावर तीन आहेत आणि त्या अभिमानानं सांगतात की म्हणून मी जगले.

सिस्टरला बाकी कशाचं काही नव्हतं. भिलांची अर्धी घरं रविवारी प्रार्थनेला यायची आणि तीच घरं टेकडीवर बाबदेवाला मातीचे घोडे पण वाहायची. एकदा वरून मिशनचे मोठे साहेब आले, त्यांनी विचारलं, हे घोडे अजून कसे. सिस्टर बोलल्या, "घोडा खोकतो का? मग राहू दे." प्रार्थना चालू असताना कोणी खोकलं तर त्या आमेनच्या आधीच थांबायच्या. "कोण खोकलं?" मग स्टेथो कानात घालून बाकांमधून चालत यायच्या. प्रार्थना लांबली की पोरं मुद्दाम खोकायची. तडवी पण खोकायचा. मी आत कधी बसले नाही, पण शिलाईच्या खिडकीतून सगळं ऐकू यायचं, आणि त्यांचं एक वाक्य तर रोजच. "देवाला नंतर सांगा. आधी मला सांगा."

मग त्यांनी ते स्टूल आणलं. लाल प्लास्टिकचं, हाटात मिळतं तसं. कडुलिंबाखाली ठेवलं आणि सगळ्यांना सांगितलं, ज्या आईनं बाळाला डाम दिला ती इथं बसेल. एकटी. सगळी लाइन संपेल, तेव्हा उठेल. बाळाला लगेच दवा देईन, पण आई बसेल.

त्यांना वाटलं असेल शाळेत कोपऱ्यात उभं करतात तसं. मला पण तसंच वाटलं. थावरीचं तोंड मात्र काळं पडलं. ती माझ्याकडे पाणी प्यायला आली आणि बोलली, "बेन, हमारे में अकेला नी बिठाते. मरे को भी अकेला नी छोड़ते. जिसको जात से निकालते, उसको अकेला बिठाते." त्यांच्यात कोणी चुकलं तर सगळे गोल बसतात, ओरडतात, शिव्या देतात, मग एकत्र जेवतात आणि संपतं. एकटं बसवलं म्हणजे तू आमची नाहीस. पुढं तिला कोणी चुलीला आग देणार नाही, तिच्या पोरीला कोणी सून करून घेणार नाही.

"मग सांग ना सिस्टरला," मी म्हटलं.

"तू सांग, चक्कर."

मी कुठं सांगणार होते.

पहिली जी बसली ती लहान पोरगी होती, माझ्यापेक्षा लहान, नवीन आई. दुपारपर्यंत बसली. रडली पण नाही. पदर असा ओढला होता की नुसतं एक कापड स्टूलवर ठेवलंय असं वाटत होतं. लाइनीतल्या बाया तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, मला वाटलं किती निर्दयी आहेत, थावरी बोलली, नाही, तिला कोणी बघितलं नाही असं व्हावं म्हणून. पुढच्या हप्त्यात ती आणि तिचा नवरा गुजरातला मजुरीला गेले. परत आले नाहीत.

नंतर कधीतरी अजून एक-दोघी बसल्या. आणि मग डाम बंद झाले. खरंच. झबलं उघडायचं, पोट साफ. सिस्टर इतक्या खुश की एकदा बसून जेवल्या. मिशनचे साहेब परत आले तेव्हा एकेक झबलं उघडून दाखवलं, हे बघा, हे बघा, आणि बाया बाळं धरून गुपचूप उभ्या. साहेबांनी विचारलं, यांना समजावलं कसं. सिस्टर बोलल्या, "समजावलं नाही. ठरवून दिलं."

त्याच दिवसांत बाया माझ्याकडे मोजे मागायला लागल्या. झबल्यांच्या फलालीनचे तुकडे उरायचे, त्यातून बाळाचे मोजे शिवून दे म्हणायच्या. बदल्यात अंडी द्यायच्या, कधी महुआची फुलं. मी दिले शिवून. फागुन सरला, चैत लागला, अशी ऊन की पत्र्याला हात लावू नये, आणि मोजे मागणं काही थांबेना. मी थावरीला विचारलं, इतक्या गरमीत मोजे कशाला गं. ती दूर बघत बोलली, "बाई को अच्छा लगता है."

मला वाटलं सिस्टरनंच सांगितलं असेल. सिस्टरला वाटलं मी फॅशन काढली. मला बोलल्या, "चक्कर, चांगलं काम करतेस."

थावरीच्या नातवाला पसली चालली तेव्हा आंब्याला कैऱ्या होत्या. तिच्या लेकीचं पहिलं बाळ. दोन दिवस घरीच ठेवलं. थावरी कामावर येत होती, झाडू एकाच जागी मारत होती. तिसऱ्या दिवशी लेक बाळाला घेऊन आली तेव्हा त्याचे ओठ निळे होते. सिस्टरनं झबल्याचे बंद सोडले, पोट बघितलं, साफ. "शाबास," बोलल्या, सवयीनं. मग नाडी बघायला पायाचा मोजा ओढला.

डाम तळपायांवर होता. दोन्ही. भाजल्याची खपली अजून ओली होती. जखम सुकायची वाट बघत होते, सुकली की मोजा घालून आणू, बाईला दिसणार नाही. म्हणून उशीर केला. सगळ्या गावानं तसंच केलं होतं, डाम पोटावरून तळपायाला उतरला होता, एवढंच झालं होतं.

बाळ टेबलावरच गेलं. सिस्टरच्या हातात तो मोजा होता, माझ्या हातचा, पिवळी फुलं असलेल्या फलालीनचा. त्या थावरीकडे वळल्या.

"घुटना, तुला माहीत होतं?"

"सब को मालूम था, बाई. झाड़ को भी मालूम था."

"मला का नाही सांगितलं? मी म्हणत होते ना, आधी मला सांगा?"

थावरीनं बाळाला कापडात गुंडाळलं, अगदी सावकाश, दाई नवीन बाळाला गुंडाळते तसं. मग बोलली, "बाई, गाँव इतना बड़ा, और स्टूल एक."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या छोरीची पसली चालली.

आदल्या दिवसापासून खोकत होती, मला वाटलं सर्दी आहे. सकाळी बघते तर नाकपुड्या फुगतायत, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, दूध तोंडात घेत नाही. हे लोहारद्याकडे गेलेले, फोन लागत नव्हता. धारची सकाळची बस निघून गेलेली, पुढची दुपारी. आणि आत्याबाईंनी गॅस लावला. मला वाटलं चहा ठेवतायत. बघते तर सांडशीत माझा सुयांच्या डब्यातला मोठा दाभण धरलेला, लाल होत चाललेला.

"आण तिला," आत्याबाई बोलल्या. "एका क्षणाचं काम आहे. तू बाहेर थांब, तुझ्यानं बघवणार नाही."

आवाज रागाचा नव्हता हो. मायेचाच होता. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. मी हो म्हटलं, दुपटं घेते म्हटलं, आणि छोरीला उचलून मागच्या दारानं निघाले ती पळतच. चप्पल नाही. मुरमावर पाय कापले ते मला नंतर समजलं. मागून आत्याबाई हाका मारत होत्या आणि मी छोरीच्या कानाशी सारखं म्हणत होते, सिस्टर आहे, सिस्टर आहे, सिस्टर आहे.

अंगणात पोचले तर लाइन तशीच उभी. बाया, म्हातारे, कडेवरची पोरं. दवाखान्याचं दार बंद. आणि कडुलिंबाखाली, लाल स्टूलवर, सिस्टर.

ताठ बसलेल्या. हात मांडीवर. रबरी बूट जोडून ठेवलेले, पाय उघडे. त्यांचे पाय मी पहिल्यांदा बघितले, पांढरे, सुरकुतलेले. एका बाईनं मला हळूच सांगितलं, उजाडल्यापासून बसल्यात. लाइन संपेपर्यंत बसणार. पण लाइन संपणार कशी, लाइनीला बघणाऱ्या त्याच, कपाटाची चावी त्यांच्याच कमरेला. स्वतःला शिक्षा केली आणि सगळ्या गावाला उभं ठेवलं.

तडवी पुढं गेला. मिशीवरून हात फिरवला आणि खोकला. मोठ्यानं, प्रार्थनेत खोकायचा तसा. त्यांनी मान वळवली नाही. तो परत खोकला. मग त्याला खरंच खोकला आला, आणि तो बाजूला होऊन वाकून खोकत राहिला.

मी स्टूलपर्यंत कशी गेले मला माहीत नाही. म्हटलं, "सिस्टर, हिला बघा." त्या समोर बघत बोलल्या, "मला हक नाही."

"सिस्टर, श्वास घेत नाही ती."

"मला हक नाही. मी मारलं त्याला."

मी छोरीला त्यांच्या मांडीवर ठेवायला गेले तर त्यांनी हात वर केले, जसं काही मी विस्तव ठेवतेय. डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते, देवाशी बोलत असतील. मी तिथं उभी, छोरीचं डोकं मागं लोंबतंय, आणि लाइनीतली एक पण बाई पुढं येत नाही, कारण इतकी वर्षं त्यांनी शिकवलं होतं की बाई बोलली तर करायचं, आणि बाई काही बोलत नव्हती. मला वाटलं आता परत जावं. खरंच वाटलं. दाभण अजून गरम असेल.

तेवढ्यात थावरी आली. फाटकातून, लंगडत. तिच्या हातांना माती होती, कोपरापर्यंत. लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात, ती तिकडूनच सरळ आली होती. तिनं स्टूल बघितलं, मला बघितलं, छोरीच्या बरगड्या बघितल्या. आणि सिस्टरच्या समोर जाऊन उभी राहिली.

"ए डाम," ती बोलली. "उठ."

सिस्टरनं डोळे उघडले.

"सुना नी? डाम. उठ. अकेली बैठना नी. बैठना होगा तो शाम को बैठेंगे, सब बैठेंगे, मैं तेरे को गाली दूँगी, तू सुनना. अभी चाबी निकाल."

आणि मातीच्या हातानं मनगट धरून ओढलं. बाई वयानं मोठी, उंच, पण उठली. अनवाणी दवाखान्यात गेली. पांढऱ्या बाहीवर थावरीच्या बोटांची लाल माती तशीच होती, सुई भरताना, छोरीच्या नाकाला नळी लावताना, मिशनची जीप काढायला सांगताना.

जीपमध्ये मी मागं, छोरी सिस्टरच्या मांडीवर. धारच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत त्यांनी तिच्या छातीवरची नजर काढली नाही. घाटातलं वळण आलं तेव्हा विचारलं, "नाव काय हिचं?"

एवढ्या दिवसांत त्यांनी कोणाचं नाव विचारलं नव्हतं. मी इतकी घाबरलेली होते की मला समजलंच नाही काय विचारतायत. मी म्हटलं, "खाँसी."

त्यांनी छोरीच्या नाकाची नळी सारखी केली. मग परत विचारलं, "नाव. नाव काय." तेव्हा मी सांगितलं.

छोरीला भरती करून सिस्टर जीपनं परत गेल्या, आणि त्या संध्याकाळी बसले म्हणे सगळे. मी धारला होते, मी बघितलं नाही. थावरी सांगते की गोल बसले, ती खूप बोलली, बाकीच्या बाया पण बोलल्या, ज्या कधी बोलल्या नव्हत्या त्या पण, आणि बाईनं सगळं ऐकलं. मग मक्याची राबडी, पेज असते तशी, प्यायली सगळ्यांनी, बाई पण खाली बसून. मी विचारलं, मग झालं ना माफ. थावरी बोलली, "माफ हुआ. छोरा तो नी आया."

पुढच्या महिन्यात मिशननं त्यांना दक्षिणेत बोलावून घेतलं, म्हाताऱ्या सिस्टर राहतात तिथं. जाताना लाइनीतल्या एकेकाला नाव विचारत होत्या. लोक लाजत होते. तडवीला विचारलं तर तो बोलला, "खाज ही ठीक है, बाई, अब आदत है." नवीन सिस्टर गोड आहेत, ओरडत नाहीत, कोणाला बसवत नाहीत. बडवा पण आहेच. स्टूल कडुलिंबाखालीच आहे, उन्हानं गुलाबी पडलंय, त्यावर कोणी बसत नाही आणि ते कोणी उचलून घरी पण नेत नाही.

छोरी आता पळते, छाती जरा कमजोर आहे. तिच्या पाठीवर दुसरी झालीय, चार महिन्यांची. आत्याबाई घरातच आहेत, मायेनं करतात सगळं, मी कामावर जाते तेव्हा दोघींना त्याच सांभाळतात. दुसरं कोण आहे. दाभण मी माझ्याबरोबर नेते, पण विळा घरात असतोच.

म्हणून मी धाकटीला मोजे घालत नाही. पौषात पण नाही. बसमध्ये बाया बोलतात, कशी आई आहे, एवढ्या थंडीत लेकराचे पाय उघडे. मी बोलू देते. घरी आले की दारातच आधी तिचे दोन्ही पाय हातात घेते, उताणे करते, आणि मग आत जाते.